येरवडा, एरवाडी आणि 'शॉक' हा शब्द

पुण्यात 'येरवडा' म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, तुरुंग आणि वेड्यांचं इस्पितळ. 'याला आता येरवड्यालाच पाठवायला हवं' हे वाक्य मंडईत भाजी घेताना थट्टेतही कानावर येतं आणि त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मुंबईकडे यासाठी 'ठाण्याला पाठवा' म्हणतात, कोकणात रत्नागिरीचं नाव घेतात. नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा इथं जुनी सरकारी मनोरुग्णालयं आहेत आणि त्या त्या भागातल्या बोलीत गावाचं नावच वेडाला पर्याय होऊन बसलं आहे.

२९ सप्टेंबर २०२४ला मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झालं. आता मंडईत जिना उतरून गाडी पकडायची, सिव्हिल कोर्टला बदलायची, की थोड्या वेळात येरवडा स्टेशन येतं. रस्ता इतका सोपा झाला तरी मनातलं येरवडा जवळ आलेलं नाही. त्याचं मोठं कारण एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'शॉक'.

मंडईच्या आसपास आपली बरीच घरं आहेत. फळांच्या धंद्यातले बागवान आहेत, तांबोळी आहेत, अत्तार आहेत, बोहरी आळीतले दुकानदार आहेत. पहाटे अंधारात उठून माल उतरवणारा माणूस एके दिवशी उठत नाही. दुसऱ्या दिवशीही उठत नाही. जेवण जात नाही, झोप लागत नाही, गल्ल्यावर बसलं तरी हिशेब डोक्यात शिरत नाही. घरातले आधी म्हणतात, आळस आहे. मग म्हणतात, कुणाची तरी नजर लागली. मग 'असर' हा शब्द निघतो आणि दम करून आणलं जातं, तावीज बांधला जातो. बाईमाणसाच्या बाबतीत तर हे आणखी लांबतं, कारण तिचं रडणं आणि तिचं गप्प राहणं दोन्ही घराला सवयीचं झालेलं असतं.

शेवटी कुणीतरी डॉक्टरकडे घेऊन जातं. डॉक्टर नैराश्य सांगतात, गोळ्या देतात. बऱ्याच जणांना गोळ्यांनी बरं वाटतं. काहींना दोन-दोन औषधं बदलूनही फरक पडत नाही. तेव्हा डॉक्टर एखाद्या यंत्राचं नाव घेतात. चुंबकानं मेंदूला चालना द्यायची, किंवा अगदी सौम्य वीज द्यायची, असं काहीतरी सांगतात. तिथं घरचे खुर्चीवरून उठतात. 'शॉक देणार आहेत' एवढंच त्यांनी ऐकलेलं असतं. शिक्षक म्हणून पालकांशी बोलताना हे मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलं आहे. माणूस पुन्हा अंथरुणात, आणि घर पुन्हा तावीजाच्या शोधात.

ही भीती अडाणीपणाची आहे असं म्हणून तिला हसण्यात अर्थ नाही. तिला इतिहास आहे आणि त्या इतिहासात खरी वेदना आहे. तो नीट माहीत असेल तर कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे आपलं आपल्याला ठरवता येतं. म्हणून आज तो सांगतो.

सुरुवात एका माशापासून करू.

नाईल नदीत एक मासा असतो. त्याला हात लावला की हाताला झिणझिण्या येतात, हात थरथरतो, क्षणभर बधिर होतो. अरबीत त्याला 'रआद' किंवा 'रआदा' म्हणतात. उर्दू जाणणाऱ्यांना 'रअद' म्हणजे ढगांचा गडगडाट हे ठाऊक आहे. त्याच धातूतून थरथरण्याचाही अर्थ निघतो. वीज म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं त्या काळी भाषेनं आभाळातला गडगडाट आणि पाण्यातला थरकाप एकाच धाग्यात बांधून ठेवले होते. बाराव्या-तेराव्या शतकात होऊन गेलेले बगदादचे हकीम अब्दुल लतीफ यांनी मिसरच्या प्रवासाचं वर्णन लिहिलं, त्यात या माशाचं वर्णन आहे.

असाच विजेचा दुसरा मासा भूमध्य समुद्रात सापडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमचा वैद्य स्क्रिबोनियस लार्गस हा जिवंत मासा डोकेदुखीवर डोक्याला आणि गाउटच्या दुखण्यावर पायाखाली लावायला सांगत असे. पुढे जालिनूसनंही त्याचा अनुभव घेतला. मेलेल्या माशाचा काही उपयोग होत नाही, जिवंत हवा, असं त्यानं नोंदवलं. हे ज्ञान ग्रीकमधून अरबीत आलं. इब्न सिना यांच्या 'अल-कानून'मध्येही डोकेदुखीच्या संदर्भात या माशाची नोंद जालिनूसच्या हवाल्यानं आहे.

इथं एक खबरदारी. 'विजेनं डिप्रेशन बरं करण्याचा शोध आपल्या हकीमांनी हजार वर्षांपूर्वी लावला' असं कुणी सांगितलं तर हुरळून जाऊ नका. माशाचा उपयोग दुखणं बधिर करण्यापुरता होता. पण उदासीबद्दल आपल्या जुन्या हकीमांनी दुसरं, अधिक मोलाचं काम केलं होतं. अबू झैद अल-बल्खी हे नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान. त्यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्र पुस्तक लिहिलं. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार केले. एकाचं कारण माणसाला माहीत असतं: कुणी गेलं, काही हरवलं. दुसऱ्याचं कारण त्याला सांगताच येत नाही, नुसतीच उदासी दाटून येते. या दुसऱ्या प्रकाराचं मूळ शरीरात शोधावं आणि त्यावर शरीराचाही उपचार करावा, असं त्यांचं मत होतं. 'तुला काय कमी आहे, मग रडतेस कशाला?' असं विचारणाऱ्या प्रत्येक घरानं हे ऐकण्यासारखं आहे. हजार वर्षांपूर्वीचा माणूस सांगतो आहे की, काही कमी नसतानाही माणूस खचू शकतो आणि तो आजार असतो.

माशापासून यंत्रापर्यंत यायला अठरावं शतक संपावं लागलं. इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायाला विजेचा स्पर्श झाला की तो उडतो हे दाखवलं. १७९१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. १८००च्या सुमारास व्होल्टांनी बॅटरी बनवली. मग गॅल्व्हानींचा भाचा जिओव्हानी अल्दिनी याच्या मनात आलं की, हीच बारीक वीज उदास माणसाच्या डोक्याला लावून पाहावी. १८०१ साली बोलोन्यात लुइजी लांझारिनी नावाच्या २७ वर्षांच्या शेतकऱ्यावर त्यानं हा प्रयोग केला. हा तरुण खोल उदासीनं इस्पितळात दाखल होता. अल्दिनीनं आधी स्वतःच्या डोक्याला वीज लावून पाहिली होती आणि त्याला कित्येक दिवस झोप आली नव्हती. लांझारिनीला हळूहळू बरं वाटलं आणि तो घरी गेला, अशी नोंद अल्दिनीनं केली आहे. एका माणसाच्या अनुभवावरून उपचार सिद्ध होत नाही. पण आज ज्याला बिनशस्त्रक्रियेची चालना म्हणतात, त्या कल्पनेचा पहिला धागा इथं दिसतो. माणूस जागा आहे, वीज थोडी आहे आणि ती कातडीवरून दिली जाते आहे.

हा धागा पुढं बराच काळ बाजूला पडला. मध्ये दुसरीच गोष्ट मोठी झाली, ती म्हणजे वेड्यांची इस्पितळं.

आपली मंडई १८८६ सालची. गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावानं तिला रे मार्केट म्हणत. पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा घालायला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्यांचंच नाव मंडईला मिळालं. त्याच १८८६ साली रत्नागिरीला वेड्यांचं इस्पितळ उभं राहिलं. नागपूरचं त्याआधीचं, १८६४चं. ठाण्याचं १९०१चं. येरवड्याचं विसाव्या शतकातलं. २५४० खाटांची त्याची मंजूर क्षमता ऐकली तरी तो काय पसारा असेल याचा अंदाज येतो. बाजार, तुरुंग आणि वेड्यांचं इस्पितळ या तिन्ही इमारती इंग्रज सरकारनं एकाच शिस्तीनं बांधल्या. माल एका जागी, गुन्हेगार एका जागी, वेडे एका जागी. कायद्याची भाषाही तशीच होती. १९१२चा 'लुनसी' कायदा माणसाला रुग्ण म्हणत नसे, 'लुनॅटिक' म्हणत असे. स्वतंत्र भारतानं नवा मानसिक आरोग्य कायदा केला तो १९८७ साली आणि तो अमलात आला १९९३ला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर ४५ वर्षं येरवड्याचं दार इंग्रजांच्या कायद्यानं उघडत आणि बंद होत होतं.

या भिंतींच्या आत 'शॉक' आला.

१९३४ साली बुडापेस्टमध्ये मेदुना नावाच्या डॉक्टरनं औषधानं मुद्दाम आकडी आणून मनोरुग्णांवर उपचार करायला सुरुवात केली. आकडी आल्यानंतर काहींच्या आजारात उतार पडतो, असं त्याचं निरीक्षण होतं. १९३८च्या एप्रिलमध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी औषधाऐवजी विजेनं आकडी आणली. ही 'शॉक ट्रीटमेंट'ची सुरुवात. काही वर्षांतच ती जगभर पसरली आणि १९४०च्या दशकात भारतातही आली.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. शॉक ट्रीटमेंटमध्ये वीज हे साधन आहे, उपचार आहे तो आकडीचा. वीज काही सेकंदच दिली जाते. त्यातून मेंदूत आकडी येते आणि ती मिनिटाच्या आत संपते. सुरुवातीच्या काळात भूल नव्हती. आकडीत सगळं अंग ताठ होई, झटके येत, चार माणसं हातपाय धरून ठेवत, तरीही काहींची हाडं मोडत, मणके दबत. १९५०च्या दशकापर्यंत भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन हा उपचार करण्याची पद्धत आली. त्यात अंगाला झटके जवळपास बसतच नाहीत. पण भूलतज्ज्ञ नाही, पैसे नाहीत, रुग्ण खूप आहेत, अशा सबबींवर भारतात कितीतरी ठिकाणी भूल न देता शॉक देणं पुढची कित्येक दशकं चालू राहिलं. रुग्णाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. जो माणूस हे भोगून घरी आला त्यानं जे सांगितलं, किंवा सांगायचं टाळलं, त्यातून आपल्या मोहल्ल्यातली भीती तयार झाली. ती सिनेमातून आलेली नाही. सिनेमानं तिला फक्त रंग दिला.

या पद्धतीविरुद्ध ज्यांनी आवाज उठवला त्यातलं एक महत्त्वाचं नाव पुण्यातलं आहे, भार्गवी दवर. त्यांच्या आईनं मनोरुग्णालयाचा अनुभव घेतला होता. त्यांच्याच नावानं भार्गवीताईंनी १९९९ साली पुण्यात बापू ट्रस्ट सुरू केला. भूल न देता दिल्या जाणाऱ्या शॉकवर बंदी घाला, अशी मोहीम त्यांनी चालवली. पुण्यातल्या वस्त्यांमध्ये जाऊन, इस्पितळाबाहेर, माणसांच्या मनाला आधार देण्याचं काम त्यांच्या संस्थेनं केलं. आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांनी महाराष्ट्रातल्या दर्ग्यांचाही अभ्यास केला. दुखावलेली माणसं तिथं का जातात, त्यांना तिथं काय मिळतं, हे त्यांनी हेटाळणी न करता पाहिलं. २०२४ साली त्या गेल्या.

याच काळात दक्षिणेत एक भयंकर घटना घडली. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या दर्ग्याला मनोरुग्णांना घेऊन दुरून लोक येतात. दर्ग्याच्या आसपास खासगी निवारे उभे राहिले होते. घरचे रुग्णाला तिथं ठेवून जात आणि तो पळून जाऊ नये म्हणून त्याला साखळीनं बांधून ठेवलं जाई. ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे अशा एका निवाऱ्याला आग लागली. साखळ्यांमुळे माणसांना पळता आलं नाही. २८ जण मेले.

येरवडा आणि एरवाडी, दोन्ही नावं किती सारखी आहेत! एकीकडे सरकारी इस्पितळ, दुसरीकडे दर्ग्याच्या सावलीतला निवारा. एकीकडे डॉक्टरांचं शास्त्र, दुसरीकडे श्रद्धेच्या नावावर चाललेला धंदा. आपण यातल्या एकाला घाबरून दुसरीकडे पळतो. शॉकला घाबरून दर्गा, किंवा दर्ग्यात फसवणूक झाली म्हणून इस्पितळ. पण दोन्हीकडे मुळात एकच दुखणं होतं. माणूस आजारी पडला की त्याची मर्जी विचारायची नाही, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

एरवाडीची दखल सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून घेतली. त्याच वर्षी दिल्लीच्या 'सार्थक' या संस्थेनं भूल न देता दिल्या जाणाऱ्या शॉकविरुद्ध याचिका केली. साखळी आणि शॉक हे दोन्ही प्रश्न देशाच्या सगळ्यात मोठ्या न्यायालयासमोर पोचले. पुढे बरीच वर्षं गेली आणि २०१७ साली नवा मानसिक आरोग्य सेवा कायदा मंजूर झाला. २०१८पासून तो लागू आहे. हा कायदा तयार होण्यातही पुण्याचा हात आहे. इथल्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा केंद्राचे डॉ. सौमित्र पठारे यांचा त्याच्या मसुद्याच्या कामात सहभाग होता.

या कायद्याचं ९५वं कलम प्रत्येकानं लक्षात ठेवावं. त्यात चार गोष्टींना मनाई आहे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक द्यायचा नाही. अल्पवयीन मुलांना शॉक द्यायचा नाही, अगदी गरज पडली तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची आधी परवानगी लागते. आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करायची नाही. आणि कुणालाही कसल्याही प्रकारे साखळीनं बांधायचं नाही. येरवडा आणि एरवाडी एकाच कलमात आले. भार्गवीताई या कायद्यावरही समाधानी नव्हत्या. जबरदस्तीची दारं अजून उघडी आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. ते म्हणणं आजही ऐकण्यासारखं आहे. पण भूल न देता शॉक दिला जातो म्हणून जी भीती आपल्या घरांत बसली आहे, ती गोष्ट आज गुन्हा आहे, एवढं तरी घराघरात पोचायला हवं. शास्त्रीय पद्धतीनं, भूल देऊन केलेला हा उपचार अतिशय तीव्र नैराश्यावर आजही सगळ्यात परिणामकारक उपचारांपैकी एक मानला जातो. काही काळ विसरायला होणं हा त्याचा त्रास आहे आणि तोही आधी सांगितला गेला पाहिजे.

आता अल्दिनीचा बाजूला पडलेला धागा पुन्हा हातात घेऊ. त्या शेतकऱ्याला दिली तशी सौम्य चालना, आकडी न आणता, भूल न देता, जागेपणी देण्याचे उपचार गेल्या चाळीस वर्षांत पुढं आले. त्यांना 'शॉक' म्हणणं म्हणजे शेगडीच्या उबेला आग म्हणण्यासारखं आहे.

पहिला चुंबकाचा. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचं वेटोळं धरून चुंबकाच्या लहरींनी मेंदूला चालना देता येते हे दाखवलं. कवटी उघडायची नाही, सुईसुद्धा टोचायची नाही. १९९०च्या दशकात नैराश्यावर त्याचा उपयोग करून पाहिला गेला आणि २००८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रुग्ण खुर्चीवर बसतो. कपाळाच्या वर डाव्या बाजूला वेटोळं टेकवतात. टकटक असा आवाज येतो, टाळूवर टिचक्या मारल्यासारखं वाटतं. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे हे करावं लागतं. एकेका बैठकीला आधी अर्धा-पाऊण तास लागे. २०१८ साली कॅनडात ४१४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात तीन मिनिटांची पद्धतही तितकीच उपयोगी ठरली. डोक्यात धातूचा तुकडा किंवा कानात बसवलेलं यंत्र असेल तर हा उपचार करत नाहीत. आकडीचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं लागतं, कारण क्वचित कधी या उपचारानं आकडी येऊ शकते.

दुसरा अगदी बारीक विजेचा. ओल्या स्पंजचे दोन तुकडे डोक्याला लावून साधारण दोन मिलिअँपिअर इतकी कमी वीज वीस-तीस मिनिटं देतात. थोडी खाज, थोडी झिणझिण जाणवते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत या पद्धतीवर बरंच काम झालं आहे. पण नैराश्यावरचे निकाल संमिश्र आहेत. २०१७ साली ब्राझीलमध्ये २४५ रुग्णांवर याची तुलना नेहमीच्या गोळीशी केली गेली. ही वीज गोळीच्या तोडीची ठरली नाही. म्हणून कुणी 'गोळ्या फेकून द्या, यंत्र लावा' म्हणत असेल तर सावध राहा. अशी यंत्रं ऑनलाइन विकतही मिळतात. तपकीर गल्लीतून घरासाठी वायर आणि दिवे आणतो तसं डोक्याला लावायचं यंत्र स्वतःच्या मनानं आणायचं नसतं.

तिसरा उपचार कानातून जातो. मेंदूतून निघून मान, हृदय, पोट असा फिरत जाणारा एक मज्जातंतू आहे. लॅटिनमध्ये त्याचं नाव व्हेगस, म्हणजे भटक्या. उर्दूत भाषांतर करायचं झालं तर 'आवारा' हाच शब्द सुचतो. १८८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या कॉर्निंग नावाच्या डॉक्टरनं आकडीच्या रुग्णांच्या मानेवरून याच तंतूला वीज द्यायचा प्रयत्न केला होता. शंभर वर्षांनी छातीत छोटं यंत्र बसवून या तंतूला चालना देण्याची शस्त्रक्रिया आली. अमेरिकेत १९९७ साली आकडीसाठी आणि २००५ साली हट्टी नैराश्यासाठी तिला मान्यता मिळाली. आकडीच्या रुग्णांची उदासीही कमी होते, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. पण शस्त्रक्रिया महाग आणि धोक्याची. मग लक्ष कानाकडे गेलं. या आवारा तंतूची एक छोटी फांदी कानाच्या कातडीपर्यंत येते. कान कोरताना काहींना अचानक खोकला येतो तो तिच्यामुळेच. कानाच्या खळग्यात क्लिप लावून तिला सौम्य चालना द्यायची, अशी ही पद्धत आहे. चीनमध्ये नैराश्याच्या रुग्णांवर तिचे अभ्यास झाले आणि काही निकाल आशा वाटावी असे आले. तरी हा उपचार अजून अभ्यासाच्या टप्प्यावर आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

हे सगळं सांगितलं ते यंत्रांची जाहिरात करायला नाही. यातलं एकही यंत्र भाकरीचा प्रश्न सोडवत नाही, नवऱ्याची मारहाण थांबवत नाही, कर्ज फेडत नाही. नैराश्याच्या मागे हे सगळं असू शकतं. गोळी, यंत्र, बोलून मन मोकळं करणं, घराची साथ, यातलं काय आणि किती, हे माणसागणिक बदलतं. निम्हान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत दर वीस माणसांमागे एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य येतं, असं दिसलं. मानसिक आजार असलेल्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असंही त्याच पाहणीनं सांगितलं. मंडईच्या एका गल्लीत वीस माणसं मोजायला किती वेळ लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर खुर्चीवरून उठू नका. प्रश्न विचारा. हा आकडी आणणारा उपचार आहे की जागेपणी करायचा? आकडीचा असेल तर भूल कोण देणार? किती बैठका, किती खर्च, त्रास काय? फरक पडला नाही तर पुढे काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यावर उपचार करायचे त्याला विचारलं का? हा प्रश्न डॉक्टरांइतकाच घरच्यांनाही आहे. आपल्याकडे सासरे ठरवतात, मोठा भाऊ ठरवतो, आणि जिचा आजार आहे ती दाराआड उभी असते.

आणि दर्ग्याचं काय? गुजरातमधल्या मीरा दातारच्या दर्ग्यात आपल्याकडची पुष्कळ कुटुंबं जातात. तिथं 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावर आणि डॉक्टर यांची त्यात सांगड घातली आहे. दुआ करणाऱ्याला कुणी अडवत नाही आणि औषधाची वाटही मोकळी राहते. आजारावर उपचार करून घेणं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं गेलं आहे, तेव्हा यात विरोध असायचं कारणच नाही. रमजानमध्ये गोळ्या स्वतःहून बंद करू नका. वेळा बदलता येतील का, हे आधीच डॉक्टरांना विचारा. जीव नकोसा वाटत असेल, किंवा घरातलं कुणी तसं बोलत असेल, तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो. तिथं मराठीतही बोलता येतं.

राहता राहिला 'येरवडा' हा शब्द. भाषा शिकवणारा माणूस म्हणून मला एवढंच सुचवावंसं वाटतं. एखाद्याला येरवड्याला पाठवायची थट्टा करताना एकदा आपल्या बोलण्याकडे लक्ष द्या. घरात जो गप्प बसलेला आहे, तोही ती थट्टा ऐकत असतो. आपल्याला मदत हवी आहे, हे तो त्यानंतर कुणाजवळ बोलत नाही.